इहीनबाईंच्या हातचं पाणी

ज्यांनी आदिलाबाद पाहिलेलं नाही आणि ज्यांच्या प्रोस्टेटच्या ऑपरेशनची नळी अजून निघायची आहे, अशा दोन्ही प्रकारच्या माणसांसाठी मी हे लिहितोय. पहिल्या प्रकारची माणसं आमच्या कोरेगावात पुष्कळ आहेत. दुसऱ्या प्रकारचीही असतील, पण ती सांगत नाहीत. मीही सांगत नव्हतो.

मी शिंपी. जातीनंही आणि धंद्यानंही. शाळा सातवीत सुटली आणि वडिलांनी मशीनवर बसवलं. लिहायची सवय म्हणजे गिऱ्हाइकांची मापं, तेवढीच. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

मागच्या वर्षी पुण्याला माझं कॅन्सरचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, नंतरच्या रक्ताच्या तपासण्या चांगल्या आल्या, डॉक्टर म्हणाले, "काका, सुटलात." मी त्यांच्या पाया पडायला वाकलो आणि वाकताक्षणी पँट ओली झाली. जीव वाचला होता, पण आतली नाडी सैल पडली होती. खोकलो की थेंब, हसलो की थेंब, खुर्चीतून उठलो की जरा जास्तच. सिस्टरनी व्यायाम शिकवला. वारा आणि लघवी दोन्ही एकदम अडवल्यासारखं आवळायचं, धरायचं, सोडायचं. हळूहळू बरं होतं, महिने लागतात, धीर सोडायचा नाही. आणि एक बजावून सांगितलं होतं, "पाणी तोडू नका." मी नेमकं तेच तोडलं. घाबरलेला माणूस ऐकलेलं उलटंच करतो.

घरी सगळं मापात बसवलं होतं. जुन्या मांजरपाटाचे लंगोट शिवले, आत पॅड सरकवायला खिसा केला, पँटी सगळ्या काळ्या. दुकानाच्या मागच्या दारातून मोरी चार पावलांवर. बायको सोडून कुणाला पत्ता नव्हता.

पण माझी लेक मनीषा दिली होती आदिलाबादकडं, तामसीच्या बाजूला. पुण्यात कामाला असताना तिची आणि जावयांची ओळख झाली, लग्न झालं, मग त्यांना आदिलाबादच्या कचेरीत नोकरी लागली. ते बौद्ध. आम्ही नवरा-बायको लग्नाला उभे राहिलो, आनंदानं राहिलो. बाळंतपणाला माझी बायको जाऊन आली. मी मात्र नातू झाला तरी गेलो नव्हतो. आधी ऑपरेशन होतं, मग ही गळती. "पोटाचं ऑपरेशन झालंय, जरा थांबतो," एवढंच तिकडं कळवत राहिलो. शेवटी नामकरणाचा दिवस ठरला आणि मनीषा फोनवर म्हणाली, "अप्पा, आता आला नाहीत तर मी काय सांगू यांना?" बायकोला घरी तिच्या म्हाताऱ्या आईला सोडून निघता येईना. मी एकटाच निघालो.

आदिलाबादचा स्टँड

रेल्वेचं काही सांगत नाही. माझ्यासाठी रेल्वे म्हणजे संडासाशेजारचा बाक, तो मिळाला होता, त्यामुळे प्रवास उत्तम झाला. किनवटच्या पुढं सागाचं रान लागलं. पानं गळलेली, थंडी अशी की दातावर दात. तिकडं ऊन फार असं ऐकून गेलो होतो, थंडीचं कुणी बोललं नव्हतं. आणि थंडी म्हणजे आमच्यासारख्यांची वैरीण.

आदिलाबादच्या स्टँडवर पाट्या तेलुगू, बोलणं हिंदी, आणि चहावाला मागच्या माणसाशी मराठीत भांडत होता. त्या राज्यात बायकांना बस फुकट. आधार कार्ड दाखवलं की शून्याचं तिकीट मिळतं. आमच्याकडं अर्धं तिकीट असतं तरी बायका एवढ्या फिरत नाहीत. तामसीच्या बसमध्ये पुढून मागपर्यंत बायका, त्यांच्या पिशव्या, एक कोंबडी, आणि दांड्याला लटकलेले आम्ही काही पुरुष. शेजारच्या बाईच्या पिशवीत सुक्या मिरच्या होत्या. मला शिंक आली. एक आली, दुसरी आली. तिसरीला मी आवळायचा व्यायाम केला, पण उशीर झाला होता. काळ्या पँटीनं अब्रू राखली. मी मात्र मनात पक्कं केलं की उतरल्यापासून परतेपर्यंत घोट मोजून प्यायचे. माझ्या पिशवीत एक बाटली होती, अंगावर मापाच्या रेघा असलेली. तिच्यातूनच प्यायचं, म्हणजे आत किती गेलं ते डोळ्यांनी दिसतं.

दारातलं पाणी

तिकडं व्याह्याला इवाई म्हणतात आणि विहिणीला इहीन. आमचे इवाई तहसीलच्या दफ्तरात होते, आता वजीफ्यावर, म्हणजे आपल्या भाषेत पेन्शनवर. उंच, पांढऱ्या मिशा, आवाज खणखणीत. इहीनबाई ठेंगण्या, चालणं झपझप. दोघंही वेशीपाशी उभी होती. शेजारपाजारचेही आले होते, कारण साताऱ्याकडचा इवाई पहिल्यांदाच येत होता.

"या या, इवाईबुवा! वाट पाहून पाहून डोये थकले," इवाई म्हणाले.

दारात आधी पाय धुवायला पाणी दिलं. मग इहीनबाई स्वतः घासून लखलखीत केलेला तांब्या घेऊन आल्या, वर पेला पालथा. मी हात जोडले. "नको, तहान नाही."

"इतक्या दुरून आले, अन् तहान नाई?"

"खरंच नाही."

"मंग चहा घ्या."

"चहा सोडलाय."

इहीनबाईंनी तांब्या तसाच परत नेला. माझं लक्ष त्यांच्याकडं नव्हतंच. मी मोरी कुठं आहे ते बघत होतो. मोरी अंगणापलीकडं, गोठ्याच्या मागं होती.

मनीषानं बाळ माझ्या हातात दिलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. त्याची मूठ माझ्या अंगठ्याएवढी. "आजोबावर गेलाय," कुणीतरी म्हणालं. मी मनात म्हटलं, आता तर फारच गेलाय.

जेवायला ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि ठेचा. तेलुगू शेजारीण सर्वपिंडी घेऊन आली होती. तांदळाच्या पिठाची, पातेल्याच्या आत थापून भाजलेली. आपल्या थालीपिठाची मावसबहीणच म्हणा. मी भाकर खाल्ली, वरणाला नको म्हटलं, ठेच्यानं टाळू पेटली तरी पाण्याच्या पेल्याला हात लावला नाही. मग अंगणात जाऊन पाठमोरा होऊन आपल्या बाटलीतले दोन घोट घेतले. जेवताना सगळे एकदम गप्प झाले होते. मला वाटलं, इकडं जेवताना बोलायची पद्धत नसावी.

झोपायला मला पुढची खोली दिली. तिथं वेचणीचा कापूस खिडकीपर्यंत रचलेला. घरातच कापूस साठवायचा हे मी कधी पाहिलं नव्हतं. ढग आत येऊन बसल्यासारखी खोली झाली होती. खाटेवर नवी कोरी गादी. इवाई म्हणाले, "आपल्याच वावरातला कापूस हाय यात. तुमच्यासाठीच भरून घेतली." मी ती गादी हळूच गुंडाळून कोपऱ्यात ठेवली आणि पिशवीतलं माझं रेक्झीन आणि माझी चादर घालून उघड्या खाटेवर झोपलो. एकीकडं पांढराशुभ्र कापूस, दुसरीकडं नवी गादी, आणि मधे मी, जुन्या गळक्या नळासारखा. कापसाला पाठ करून झोपलो, तोंडही दाखवायची लाज वाटत होती.

मनीषाचा प्रश्न

सकाळी अंगणात तोंड धूत होतो. मनीषा बाळाला घेऊन आली, पण माझ्याजवळ आली नाही. जरा लांबच उभी राहिली.

"अप्पा, एक विचारते. खरं सांगा. तुम्हाला या घरचं पाणी चालत नाही का?"

मला कळेचना. "म्हणजे?"

"स्वतःची बाटली आणलीत. स्वतःची चादर आणलीत. गादी गुंडाळून ठेवलीत. चहासुद्धा नाही." तिचा आवाज फाटला. "सासूबाई लहानपणी दुसऱ्यांच्या रानात निंदायला जायच्या. तहान लागली की ओंजळ धरायची आणि वरून पाणी ओतायचे. भांड्याला हात लावू द्यायचे नाहीत. काल त्यांनी तुमच्यासाठी तो तांब्या चिंचेनं घासला होता. काल जेवल्या नाहीत त्या. मला एक शब्द बोलल्या नाहीत, अप्पा. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं."

माझ्या हातातला टॉवेल हातातच राहिला. मी पुरा दिवस स्वतःच्या पँटीकडं बघत होतो. माझा नकार समोरच्याला कसा दिसतोय, हे एकदाही डोक्यात आलं नव्हतं. आता हिला या घरात जन्म काढायचाय, आणि मी दारातच तिचं तोंड काळं करून ठेवलं होतं.

"मने, तसं नाही गं," एवढंच निघालं तोंडातून.

"मग कसं आहे?"

लेकीला ते सांगायला जीभ रेटेना. पण सांगायचं तर आधी जिला लागलं होतं तिला सांगायला हवं, असं वाटलं. मी उठलो आणि सरळ चुलीपाशी गेलो.

इहीनबाई भाकर थापत होत्या. इवाई ओट्यावर पेपर धरून बसले होते, पण वाचत नव्हते.

"इहीनबाई, तांब्याभर पाणी द्या."

त्यांनी मान वर केली नाही. "तुमची बाटली हाय ना."

बरोबर लागला टोला. मी माठाशी गेलो, तोच तांब्या बुडवून भरला आणि उभ्या उभ्या तोंडाला लावून प्यायलो. अर्धा पोटात गेला, अर्धा सदऱ्यावर सांडला. पुन्हा भरला, पुन्हा प्यायलो. किती दिवसांनी पोटभर पाणी प्यायलो होतो! गार, मातीचा वास असलेलं. इहीनबाईंच्या हातातली भाकर तव्यावर जायची राहिली.

"आता ऐका," मी म्हटलं. "माझं पोटाचं नाही, खालचं ऑपरेशन झालं. कॅन्सर होता. गाठ काढली, पण नाडी सैल राहिली. लघवी थांबत नाही. खोकलो तरी होते, उठलो तरी होते. पाणी प्यायलो तर तुमच्या गादीवर होईल, तुमच्या कापसावर होईल, म्हणून पीत नव्हतो. बाटलीवर रेघा आहेत, मापून पितो. दुसरं काही नाही. माझ्या लेकीची शपथ, दुसरं काही नाही."

हे सगळं मी इहीनबाईंसमोर बोललो. आमच्याकडं विहिणीसमोर टोपी काढून बसत नाहीत!

इवायांनी पेपर तोंडावर घेतला. गोठ्यातल्या म्हशीनंही नेमकं त्याच वेळी मुतायला सुरुवात केली आणि ते कितीतरी वेळ चाललं. म्हैस थांबली तेव्हा इहीनबाई पिठाचे हात कपाळाला लावून खाली बसल्या.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "बापा बापा! एवढंच व्हय? अन् आमी काय काय समजून बसलो!" त्यांना हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही. पदरानं तोंड पुसलं तर सगळं पीठ गालाला लागलं.

"मी तं हिले म्हणलो होतो," इवाई पेपरामागून म्हणाले, "माणूस तसा नाई वाटत."

"खोटं नका बोलू! तुमीच म्हणले, तिकडचे लोक लय कट्टर रायतात म्हून!"

"ते मी असंच बोललो, बोलता बोलता."

"पुरुष लोकायचं सारं असंच," इहीनबाई माझ्याकडं वळल्या. "दुखणं सांगाले लाजता, अन् दुसऱ्याच्या जिवाले घोर लावता. डाक्टरनं पाणी नका पिऊ म्हणलं काय?"

"सिस्टर तर पीत जा म्हणाल्या होत्या."

"मंग?"

मागं दारात मनीषा उभी होती. तिनं बाळाला खाली ठेवलं आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. मला हुंदका आला, आणि हुंदक्याबरोबर व्हायचं तेही झालं. पण त्या घरात ते लपवायचं आता काही कारण नव्हतं. मी म्हटलं, "आलोच," आणि गोठ्यामागं गेलो.

परत आलो तर गादी खाटेवर घातलेली, तिच्यावर माझं रेक्झीन, वर त्यांची चादर. आणि इहीनबाई ढिगातला मूठभर कापूस घेऊन सरकी काढत बसलेल्या. "घरात एवढा कापूस पडला हाय, अन् तुमी दुकानातून इकत आणता? घ्या हा."

कच्चा कापूस पाणी धरत नाही. त्याला तेलकटपणा असतो, पाणी वरून घरंगळतं. शिंप्याला हे ठाऊक असतं. पण मी दोन्ही हातांनी घेतला. नको म्हणायचा माझा वाटा संपला होता.

पांढरे कपडे

नामकरणाच्या दिवशी इवायांनी मला नवा सदरा-पायजमा दिला. पांढरा. तिथं अशा कार्याला सगळेच पांढरे घालतात. बायका पांढऱ्या साड्यांत, खाली पांढरी चादर, समोर बुद्धमूर्ती, मेणबत्त्या. आमच्याकडं बारशाला पाळणा, गाणी, गलका. इथं सगळे हात जोडून वंदना म्हणतात, आणि त्या आवाजानं अंगणातली थंडी जरा कमी झाल्यासारखी वाटते. मला फार आवडलं. पण पांढरा पायजमा बघून माझ्या काळ्या पँटी आठवल्या त्या आठवल्याच.

इहीनबाईंनी माझं तोंड पाहिलं. आत गेल्या, नातवाला घेऊन आल्या आणि माझ्या मांडीवर ठेवला. उघडा. कमरेला काही नाही, वर नुसती शाल.

"चड्डी?" मी विचारलं.

त्या कानाशी वाकल्या. "चड्डी कायले? बसा याले घेऊन. पुढचं काई झालं तं कोणाचं हाय, कोण इचारते?"

मला हसू फुटणार होतं, दाबलं. हसण्याचाच तर धोका.

वंदना बरीच चालली. मी बसल्या बसल्या आवळायचं, धरायचं, सोडायचं करत होतो. चेहऱ्यावर भक्ती, बाकी सगळं काम खाली. नाव ठेवलं सम्यक. सगळे "साधु, साधु, साधु" म्हणत उठले, मीही बाळाला घेऊन उठलो, आणि उठताना मांडीवर ऊब पसरली. बाळाखाली हात घातला. बाळ कोरडं ठणठणीत.

"अरे बापा!" इहीनबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या. "पाहा या पोट्ट्यानं! आजोबाचे नवे कपडे खराब केले ना!"

अंगणभर हशा. "शकुन हाय, शकुन!" एक म्हातारा म्हणाला. मी नातवाकडं बघितलं. तो माझ्याकडं अशा नजरेनं बघत होता की जणू त्याला सगळं कळलंय. जन्मातला पहिला आळ बिचाऱ्यानं आजोबासाठी घेतला. त्या मूठभर कापसाची मी त्याला उशी शिवून दिली, तिथल्याच एकाच्या मशीनवर बसून. अजून तो तिच्यावरच डोकं ठेवून झोपतो.

जेवणात वांग्याची भाजी, वरण-भात, बुंदी. मी वरण दोनदा घेतलं. पाणी किती प्यायलो ते मोजलं नाही. आणि गंमत सांगतो, पोटभर पाणी प्यायला लागल्यापासून जळजळ गेली, सारखी सारखी लागायची ती घाईही कमी झाली. सिस्टर सांगत होत्या ते खरंच होतं.

परतीची बस

निघताना इहीनबाईंनी माझी ती रेघांची बाटली माठातल्या पाण्यानं काठोकाठ भरली. "आदिलाबाद येईपर्यंत रिकामी झाली पायजे. नाई झाली तं मले समजते."

बस आली तीच, बायकांनी भरलेली. इवाई माझ्याआधी आत चढले आणि ड्रायव्हरशी तेलुगूत बोलले. खणखणीत आवाजात, दफ्तरात हुकूम द्यावा तसं. मला त्यातलं "मा वियंकुडु" एवढंच कळलं, म्हणजे आमचे इवाई. मग त्यांनी माझ्याकडं बोट केलं, पोटाकडं बोट केलं, रस्त्याकडं बोट केलं आणि खाली उतरले. पुढच्या बाकावरच्या बायकांनी वळून माझ्याकडं पाहिलं. सगळ्या बसला कळलं होतं. ज्या गोष्टीसाठी मी वर्षभर काळ्या पँटी घातल्या, ती एका अनोळखी भाषेत भर बसमध्ये जाहीर झाली होती. मी कान गरम होऊन उभा. पण कुणी हसलं नाही. एका आजीबाईंनी "अय्यो" म्हणून मान हलवली आणि पुन्हा आपल्या कोंबडीचे पाय नीट बांधायला लागल्या.

अर्ध्या वाटेवर, सागाच्या रानापाशी, बस थांबली. कंडक्टर बाई म्हणाल्या, "अंकल, उतरो. आराम से."

खरं सांगायचं तर मला लागली नव्हती. घरून निघताना जाऊन आलो होतो. पण माझ्या इवायांनी माझ्यासाठी थांबवलेली बस. नाही म्हणणं आता मला जमणार नव्हतं. मी उतरलो.

आणि माझ्यामागून एक धोतरवाले आजोबा उतरले. त्यांच्यामागून एक फेटेवाले. मग आणखी एक, काठी टेकत. आम्ही सगळे सागाच्या आडोशाला लांब लांब उभे राहिलो. फेटेवाले मोकळा श्वास सोडून म्हणाले, "पाहुणे, कुठचे तुमी?"

"साताऱ्याकडचा."

"रोज येत जा ना बापा. हा डायवर आमच्यासाठी कधी थांबत नाई."

बसमध्ये परत चढलो तर त्या आजीबाईंनी कोंबडी मांडीवर घेऊन माझ्यासाठी जागा केली होती. मी बसलो, बाटली उघडली आणि सगळ्यांच्या देखत रेघा न बघता प्यायलो.